उजव्या बाजूची फुली

माझा नवरा कंजूष होता, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्या कंजूषपणावरच खपून गेलं. रस्त्यात वाकडा खिळा दिसला तरी ॲथोल गाडी थांबवून उतरायचा, तो उचलायचा आणि घरी येऊन ठोकून सरळ करायचा. आमच्या शेडमध्ये बिस्किटांच्या जुन्या डब्यांची रांग होती. त्याच्या आजोबांपासूनचे स्क्रू आणि खिळे त्यांत साठवलेले होते, आणि एकाही डब्यावर चिठ्ठी नव्हती. गावात म्हणायचे, ॲथोल पायबस मेला तर शवपेटीचे खिळेसुद्धा स्वतःच घेऊन येईल, तेही वापरलेले. यावर सगळ्यांत मोठ्यानं तोच हसायचा. चाळीस वर्षं त्यानं या खाडीवर बोटी बांधल्या होत्या आणि त्यातल्या एकीनंही कुणाला दगा दिला नव्हता. त्याला हसणं परवडत होतं.

लिंडन आमचा एकुलता एक. बापाच्या हाताखाली शिकला, आणि पंचविशीत त्यानं स्वतःची बोट बांधायला घेतली. नाव ठेवलं पॅडीमेलन. पॅडीमेलन म्हणजे आमच्याकडचा बुटका, गोलमटोल कांगारू, जो संध्याकाळी येऊन माझा कोबी खातो. मी म्हटलं, बोटीला कुणी असलं नाव ठेवतं का? तर म्हणाला, आई, तीही बुटकी आहे, गोल आहे आणि कुणी कितीही हाकललं तरी परत येणारी आहे. 

बोट हुऑन पाइनची. पिवळं, तेलकट, गोड वासाचं लाकूड. शंभर वर्षं पाण्यात ठेवा, कुजायचं नाव नाही. पण लाकूड कितीही गुणाचं असलं तरी फळीला बोटीच्या फासळीशी धरून ठेवतो तो स्क्रू, आणि पाण्याखालचा स्क्रू काशाचाच लागतो. पितळेचा दिसायला अगदी तसाच, पण खारं पाणी पितळातलं जस्त हळूहळू खाऊन टाकतं. उरतं ते गुलाबी, भुसभुशीत तांबं. वरून डोकं शाबूत दिसतं, आणि त्यावर लाकडाचं बूच बसवून रंग दिलेला असतो, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून पितळ केबिनमधल्या कपाटांना आणि कासं पाण्याखाली. आमच्या गावातल्या पोरांना हे पाढ्यांच्या आधी कळतं. शंका आलीच तर कानस मारून बघायची, कासं आतून तांबूस निघतं.

खालच्या फळ्या बसवायच्या त्या हिवाळ्यात ॲथोलची पाठ गेली. त्याचा जुना दोस्त मर्व कथबर्ट यानं त्याला गाडीच्या मागच्या फळीवर गादी टाकून झोपवलं आणि होबार्टच्या इस्पितळात पोचवलं. प्रत्येक वळणावर ॲथोल त्याला शिव्या देत होता. सगळा हिवाळा तो तिकडेच पाठीवर पडून राहिला. इकडे लिंडन एकट्यानं फळ्या वाफवत होता, वाकवत होता, स्क्रू मारत होता. ग्रेटाशी तेव्हा त्याचं जमलेलं होतं, पण ती मेलबर्नला शाळेत शिकवत होती, त्यामुळे तिनं तो हिवाळा पाहिलाच नाही. मी पाहिला. सूप पिता पिता चमचा हातात धरून तो झोपी जायचा. मला वाटायचं, एकट्या जिवावर दोघांचं काम पडलंय, दुसरं काय.

बोट पाण्यात उतरली, लग्न झालं, आणि मग कळलं की त्याच्या रक्तातच रोग होता. किती आधीपासून होता ते डॉक्टरांनाही सांगता येईना. तिशी गाठायच्या आत माझं पोर गेलं. शेवटच्या दिवसांत तो ग्रेटाला म्हणाला होता, "मी नसलो तरी पॅडीमेलन तुला सांभाळील. तिच्यावर भरवसा ठेव." खोलीत मी होते, ॲथोल होता. पुढे ग्रेटा हे वाक्य सगळ्यांना सांगायची, कुणी विचारलं तरी आणि नाही विचारलं तरी. त्या एका वाक्यावर ती उभी राहिली. एकटीच बोट घेऊन खाडीबाहेर जायची, परत यायची, आणि धक्क्यावर उतरताना बोटीला थोपटायची.

दर हिवाळ्यात बोट आमच्या शेडसमोर रुळांवर ओढून ठेवलेली असे. ग्रेटा दिवसभर गावातल्या शाळेत शिकवायला, आणि ॲथोल म्हणे रंग देतोय. पोर जाऊन काही वर्षं झाली तरी ते रंग देणं काही संपेना. एका हिवाळ्यात मी सुनावलं, की एवढ्या वेळात तर गावचं चर्च आतून-बाहेरून रंगवून झालं असतं. तो आपला बोटीच्या पोटाखाली चटई टाकून पडायचा, जेवायला हाक मारली की गुडघे धरत उठायचा. केसांत लाकडाचा भुसा. मी मनात म्हटलं, असू दे, दुःख करायची एकेकाची तऱ्हा. माझी तऱ्हा भांडी आपटायची होती.

मग ग्रेटाच्या आयुष्यात ह्यू आला. चांगला माणूस, बाजूच्या खाडीत मेंढ्या पाळायचा. आम्हाला वाईट वाटलं का? वाटलं. पण चांगलंही वाटलं, आणि ते ग्रेटाला कळावं म्हणून मी ह्यूसाठी ॲपल पाय भाजून पाठवला. दोघांनी ठरवलं की उत्तरेला सामुद्रधुनीतल्या बेटावर जाऊन राहायचं, आणि पॅडीमेलन घेऊन समुद्रानंच जायचं. विमा उतरवायचा तर बोटीची पाहणी हवी. पाहणी करणार मर्व, कारण या भागात दुसरं कुणी नाही.

ॲथोल ग्रेटाला म्हणाला, पुढच्या वर्षी जा. आणखी एक हिवाळा बोट माझ्याकडे राहू दे. ती म्हणाली, का? तो म्हणाला, रंगाचं राहिलंय. तेव्हा ती पोरगी, जिनं आम्हाला कधी वर मान करून उत्तर दिलं नव्हतं, ती म्हणाली, "ॲथोल, बोट धरून ठेवली म्हणजे मी इथे राहीन, असं वाटतं का तुम्हाला?"  मला त्याचाच राग आला. घरी आल्यावर मी त्याला बरंच बोलले. सून म्हणजे काही डब्यातला खिळा नव्हे, जपून ठेवायला, असंसुद्धा म्हणाले.

आमच्याकडे पाहणीची एक रीत आहे. बोट रुळांवर घेतात आणि पाण्याखालच्या दोन जागी खडूनं फुल्या मारतात. पहिली फुली बोट बांधणाऱ्याची आणि दुसरी पाहणाऱ्याची. मग त्या दोन जागांवरचं बूच फोडून स्क्रू बाहेर काढायचे. बांधणारा आपली चांगली जागा दाखवणार हे सगळ्यांना ठाऊकच असतं, म्हणून तर दुसरी फुली असते. बांधणारा हयात नसेल तर त्याच्या घरचा माणूस फुली मारतो.

शनिवारची सकाळ होती. ग्रेटा, ह्यू, मर्व आणि आम्ही दोघं. धक्क्यावरचे दोघं-तिघं रिकामटेकडे नेहमीप्रमाणे चहाचे मग घेऊन हजर. ॲथोलनं खडू घेतला, डाव्या बाजूला गेला आणि फुली मारली. मर्वनं बूच फोडलं, स्क्रू फिरवून बाहेर काढला, बोटांनी पुसला. लखलखीत कासं. आट्यांना धार अशी, की जणू काल दुकानातून आणलाय.

मर्वनं स्क्रूकडे पाहिलं, मग ॲथोलकडे. एवढ्या वर्षांच्या बोटीचा स्क्रू असा नसतो, हे आंधळ्यालाही कळलं असतं. मर्व हसला. "म्हाताऱ्या, सगळे बदललेस होय? म्हणून दर हिवाळ्यात बोटीखाली लोळत होतास." आणि त्यानं स्वतःचा खडू खिशात टाकला. दुसरी फुली मारायची गरज उरली नाही, असंच त्याला म्हणायचं होतं. मैत्रीत असं चालतं. माणूस माहीत आहे, हात माहीत आहे, मग बोट कशाला उगाच फोडायची? ग्रेटानं ह्यूचा हात धरला. तिचे डोळे भरून आले होते. ती पुढे होऊन ॲथोलला मिठी मारणार, एवढ्यात तो बाजूला झाला.

तो बोटीला वळसा घालून उजव्या बाजूला गेला. आम्ही सगळे त्याच्या मागे. त्यानं खाली वाकून फुली मारली. फुलीची एक रेघ वाकडी गेली.

"इथला काढ," तो म्हणाला.

मर्व म्हणाला, "अरे, कशाला?"

"काढ म्हणतो ना."

मर्वनं बूच फोडलं आणि पेचकस लावून पिळला. डोकं एकटंच निघून हातात आलं. मग त्यानं चिमट्यानं उरलेला भाग ओढला. तो तुकड्या-तुकड्यांनी बाहेर आला, गुलाबी, भाजलेल्या विटेसारखा. मर्वनं तो तळहातावर घेतला आणि अंगठ्यानं दाबला. त्याचा चुरा झाला. चहाचे मग घेऊन उभे असलेले लोक पुढे सरकले.

ग्रेटानं तो चुरा मर्वच्या हातातून आपल्या हातात घेतला. ती या गावची नव्हती, पण एवढी वर्षं राहिली होती. पितळ तिला कळत होतं. ती आधी बोटीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "लिंडननं पितळ वापरलं?"

तिच्या तोंडून ते नाव कसं निघालं ते मला सांगता येणार नाही. एवढी वर्षं ज्या फळीवर उभी होती, ती पायाखाली हलल्यासारखी ती दिसत होती.

आणि ॲथोल म्हणाला, "डबा मी दिला त्याच्या हातात. काशाचे संपले होते. हे घरात पडून होते, वाया कशाला घालवायचे? त्याला म्हटलं, हेही कासंच आहे, मार बिनधास्त. बापानं सांगितलं, त्यानं ऐकलं. चूक माझी."

मी तोंड उघडलं होतं. मर्वनंही उघडलं होतं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या हिवाळ्यात हा माणूस शेडमध्ये नव्हता. मर्वच तर त्याला गादीवर घालून घेऊन गेला होता. पण ॲथोलनं आमच्याकडे एकदा अशी नजर टाकली, की आम्ही दोघंही तोंड मिटून उभे राहिलो.

बाकी सगळ्यांना मात्र ते लगेच पटलं; तो इस्पितळात नेमक्या कुठल्या हिवाळ्यात होता, हे इतक्या वर्षांनी कुणाच्या ध्यानात नव्हतं. न पटायला काय झालं? वाकडे खिळे सरळ करणारा माणूस. मागे कुणीतरी हळूच म्हणालंसुद्धा, शेवटी त्याच्या डब्यांनी घात केलाच.

ग्रेटा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं. मी एकटी त्या बोटीतून जात होते, येत होते, आणि तुम्हाला माहीत होतं." ॲथोल म्हणाला, अजून काही वर्षं धोका नव्हता, मी आधी जास्त वाईट असलेली बाजू घेतली. ती म्हणाली, "मरताना तो मला म्हणाला, हिच्यावर भरवसा ठेव. त्याला काय माहीत, त्याच्या बापानं चार डॉलर वाचवायला त्याच्या हातात काय दिलं होतं!" मग तिनं मर्वला सांगितलं की उजव्या बाजूचं काम दुसऱ्या यार्डात होईल, ॲथोलनं यापुढे बोटीला हात लावायचा नाही. ह्यू तिला घेऊन गेला. तो चुरा तिच्या मुठीत तसाच होता.

घरी येऊन मी किटली ठेवली आणि आपटायला भांडीही सापडेनात. शेवटी म्हटलं, "तू तर तेव्हा होबार्टला पडला होतास. उठून बसताही येत नव्हतं तुला."

"हो."

"मग?"

त्यानं टेबलावरच्या मेणकापडाची सुरकुती सरळ केली. मग म्हणाला, "बूच निघालं होतं एक, ते बसवायला गेलो तेव्हा कळलं. पोराला जाऊन चार वर्षं झाली होती. मी कितीदा विचार केला, यूना. त्याला फरक कळत नव्हता असं नाही. माझ्यापेक्षा चांगला कळायचा. त्याला ताप असेल. दिसत नसेल नीट. दोन्ही डबे फडताळावर शेजारीच होते. विचारणार कुणाला?"

मी म्हटलं, "मग तसं सांगायचं तिला. आजारी होता म्हणून सांगायचं. कोण दोष देणार होतं त्याला?"

"दोष नसता दिला," तो म्हणाला. "पण तो म्हणाला होता, ही तुला सांभाळील. ते खोटं पडलं असतं. आता तो चुकला नाही, मी चुकलो. मला काय, मी अजून हातीपायी धड आहे. कुणी शिवी दिली तर ऐकून घेईन, कुणाला राग आला तर दुसरी बोट चांगली बांधून दाखवीन. त्याला आता दुसरी बोट बांधता येणार नाही, यूना. त्याची ही एकच आहे."

मी रडले. तो रडला नाही. शेडमध्ये गेला आणि जॅमची एक बरणी घेऊन आला. डाव्या बाजूचे सगळे मोडके स्क्रू त्यात भरलेले होते, गुलाबी, काहींची नुसती डोकी. त्यानं बरणी टेबलावर ठेवली. म्हणाला, प्रत्येक स्क्रू काढताना असं वाटायचं, की पोराचाच हात तिथून सोडवून काढतोय. पण काढले नसते तर ती बुडाली असती. मग मीच त्याची माफी मागायचो आणि पुढचा काढायचो. एवढं बोलून तो बरणी खिडकीत ठेवायला उठला, आणि तिथेच खिडकीशी उभा राहिला.

पुढचं सांगण्यासारखं फारसं नाही. पॅडीमेलन ओढून समोरच्या काठावरच्या यार्डात नेली. आमच्या धक्क्यावरून ती दिसायची, तिच्याखाली लोळणारा परका माणूसही दिसायचा. ॲथोल दुर्बीण घेऊन बसायचा. एकदा म्हणाला, हळू फिरव रे गाढवा, लाकूड फाटेल. मी म्हटलं, त्याला ऐकू जात नाही. तो म्हणाला, माहीत आहे.

त्यानं म्हटलं होतं, दुसरी बोट बांधून दाखवीन, पण बोट बांधायला कुणी आलंच नाही. साधी होडी दुरुस्त करायलाही नाही. एक काम आधीच ठरलं होतं, त्या माणसानं फोन करून सांगितलं की सध्या जरा थांबूया. लोक वाईट नव्हते. पबमध्ये त्याला बिअर पाजायचे, पाठीवर थाप मारायचे. पण ज्याच्या भरवशावर स्वतःच्या पोरांना पाण्यात पाठवायचं, तो आता ॲथोल राहिला नव्हता. शवपेटीच्या खिळ्यांचा विनोदही गावानं बंद केला. मला वाटतं, त्याला सगळ्यांत जास्त ते लागलं. मर्व दर रविवारी यायचा, पत्ते खेळायचा, आणि जाताना दारात थांबून मला विचारायचा, "बोलू का मी?" मी आतल्या खोलीकडे पाहायचे आणि नको म्हणायचे.

वसंतात ग्रेटा आणि ह्यू पॅडीमेलन घेऊन बेटावर गेले. निघाल्या दिवशी बोट आमच्या धक्क्यासमोरूनच गेली, दुसरा रस्ताच नाही. ॲथोल स्वच्छ शर्ट घालून उभा होता. ह्यूनं हात हलवला. ग्रेटा सुकाणूवर होती, तिनं पुढे पाहिलं. बोट छान चालली होती, बुटकी, गोल, पाण्यावर घट्ट बसलेली. "बघ कशी बांधली आहे पोरानं," ॲथोल म्हणाला, आणि ती वळणापलीकडे जाईपर्यंत तो तिथून हलला नाही.

पुढच्या सफरचंदांच्या हंगामात तो गेला. शेडमध्येच, स्टुलावर बसल्या बसल्या. समोर ऐरणीवर अर्धा सरळ केलेला खिळा होता.

ग्रेटा विमानानं आली. ती येईल असं मला वाटलं नव्हतं. प्रार्थनेनंतर सगळे घरी जमले, बायकांनी घरी भाजलेले स्कोन-पाव आणले होते, मर्व खिडकीशी चहाचा कप घेऊन उभा होता. त्याच्या मागे, पडद्याआड, ती जॅमची बरणी होती. ग्रेटा माझ्याजवळ आली. ती थोडी जाड झाली होती, चेहऱ्यावर वारा लागल्याचं तेज होतं. तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाली, बोट छान आहे. वादळात सापडलो होतो एकदा, पण तिनं आम्हाला घरी आणलं. लिंडन म्हणाला होता तसंच. त्याचं लाकूड, त्याच्या फळ्या, कुठे एक थेंब आला नाही.

मी म्हटलं, हो का, बरं झालं.

मग तिनं माझे हात घट्ट धरले. "यूना, मला एक सांगायचं होतं, त्यांना सांगायला उशीर झाला. मी ॲथोलना माफ केलं. मनापासून केलं. म्हातारपणी माणसाकडून होते चूक. लिंडननंसुद्धा त्यांना माफ केलं असतं."

मर्वनं कप खाली ठेवला. तो माझ्याकडे पाहत होता. बरणी त्याच्या कोपराला लागेल इतकी जवळ होती, आणि मी नुसती मान हलवली असती तरी त्यानं पडदा बाजूला केला असता.  कुणाला माफ केलंस गं? कशाबद्दल? माझ्या नवऱ्याचं नाव, त्याची चाळीस वर्षं, त्याचं हसणं, सगळं माझ्या तोंडाशी आलं.

ग्रेटाचे हात गरम होते. ती माझ्या उत्तराची वाट पाहत होती.

"बरं केलंस, पोरी," मी म्हटलं. "त्याला बरं वाटलं असतं."